मला चढवंल काय?

चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि हॉल बघायचं काम माझ्याकडं आलं. ताटाचा भाव, पार्किंग, जनरेटर, वऱ्हाडाच्या खोल्या, सगळं वहीत लिहून घेत होतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत उभ्या मारुतीच्या मागं राहणाऱ्या आत्याचा मात्र एकच प्रश्न होता. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकरशिवाय पाऊल पडत नाही. ती म्हणाली, “मला चढवंल काय रं तितं?”

मी हॉलवर फोन लावला. मॅनेजर आदबीनं बोलणारा होता. म्हणाला, “सर, आपला हॉल फुल ॲक्सेसिबल आहे. लिफ्ट आहे, रॅम्प पण आहे.” मी वहीत आत्याच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

दोन दिवसांनी तिलाच रिक्षातनं तिकडं घेऊन गेलो. लिफ्ट खरंच होती, नवी कोरी, आत आरसा लावलेली. पण लिफ्टच्या दारापर्यंत पोचायला बाहेरच्या सात पायऱ्या होत्या. रॅम्पही होता. तो मागं, स्वयंपाकघराच्या अंगाला, गॅसच्या टाक्या आणि भांड्यांच्या गाड्या वर ढकलायला केलेला, इतका उभा की रिकाम्या हातानं जायचं तरी पुढं वाकावं लागावं. मॅनेजर खोटं बोलला नव्हता. त्याच्याकडं लिफ्ट होती, रॅम्प होता, आणि या दोन गोष्टी असल्या की हल्ली जो शब्द वापरतात तो त्यानं वापरला होता.

तेव्हापासून मॅनेजरचं आणि आत्याचं अशी दोन वाक्यं माझ्या मनात शेजारी शेजारी बसून आहेत. एक इंग्रजी विशेषणावर तोललेलं, दुसरं पेठेतल्या मराठीतलं. ओळ कवितेतली असली की आपण शब्द शब्द थांबून वाचतो. या दोन वाक्यांनाही तसं वाचावं, त्यांची तेवढी योग्यता आहे, असं मला वाटतं.

आधी विशेषण. ‘ॲक्सेसिबल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘जवळ जाणं’ हे क्रियापद आहे. जिथवर जाता येतं ते ॲक्सेसिबल. इंग्रजीनं हा शब्द फार लांबवर नेला. इमारत ॲक्सेसिबल असते, अवघड विषयावरचं सोपं पुस्तक ॲक्सेसिबल असतं, आणि ज्याच्या केबिनचं दार ढकलून आत जाता येतं असा साहेबही ॲक्सेसिबल असतो. पूर्ण वाक्यात या शब्दाला एक शेपूट असतं, ‘अमक्याला’ असं सांगणारं. पाटी लिहिताना, जाहिरात करताना ते शेपूट गळून पडतं. उरतं ते नुसतं विशेषण, वास्तूच्या अंगाला चिकटवलेलं. रंग पांढरा, फरशी ग्रॅनाइटची, हॉल ॲक्सेसिबल. जणू हा गुण भिंतींमध्येच मुरलेला आहे आणि रात्री हॉल रिकामा असतानाही तो तिथं असतो.

मराठीत या अर्थाचे शब्द शोधायला गेलं की दोन घराणी समोर येतात. एक ‘गम्’ धातूचं, म्हणजे जाण्याचं: सुगम, दुर्गम, अगम्य. दुसरं ‘लभ्’ धातूचं, म्हणजे मिळण्याचं: सुलभ, दुर्लभ, उपलब्ध. माणूस वस्तूकडं जातो की वस्तू माणसाच्या हाती येते, एवढा हा फरक, पण तो रोज उपयोगी पडणारा आहे. औषध दुकानात उपलब्ध असतं, दुकान मात्र चार पायऱ्यांवर असतं. ‘लभ्’चं काम झालेलं असतं आणि ‘गम्’चं राहिलेलं असतं. ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारनं अपंग व्यक्तींसाठी मोहीम सुरू केली तेव्हा तिचं नाव ‘सुगम्य भारत अभियान’ ठेवलं, ‘सुलभ’ ठेवलं नाही. ती निवड मला अचूक वाटते. ‘सुगम’ आपल्या कानाला आकाशवाणीच्या सुगम संगीतामुळं आधीच ओळखीचा आहे. पुढं एक ‘य’ आला आणि शब्द सरकारी झाला, पण अर्थ नेमका राहिला.

कोल्हापूरच्या माणसाला या घराण्यातला सगळ्यात थोरला शब्द समजून घ्यायला कोश उघडावा लागत नाही. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून वायव्येला बघितलं की आभाळ स्वच्छ असेल तर पन्हाळा दिसतो. दुर्ग. जिथं जायला कष्ट पडतात तो दुर्ग. जाण्यातली अडचण हाच ज्याचा गुण, अशी ही जागा. पण ही अडचण कुणाची, ते ठरलेलं असतं. करवीरच्या गादीचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या नावानं १७१५च्या सुमारासचं जे आज्ञापत्र आपण वाचतो, त्यातलं दुर्गांचं प्रकरण बारकाईनं बघावं. गडावर यायच्या वाटा शत्रूला अवघड हव्यात हे तर तिथं आहेच. शिवाय गडाला एकच दार असणं हा मोठा दोष मानला आहे आणि दोन-तीन दरवाजे, चोरदिंड्या ठेवायला सांगितल्या आहेत. म्हणजे दुर्गम हे विशेषण गडाला लावताना त्या राजकारणी माणसाच्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न होता: दुर्गम खरा, पण कुणाला? परक्याला येता येऊ नये आणि आपल्या माणसाला निघता यावं. १६६०च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून बाहेर पडले ते राजदिंडीच्या वाटेनं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्री एकच गड एकाला अगम्य होता आणि दुसऱ्याला त्यातून वाट होती.

आता आत्याचं वाक्य.

‘मला चढवंल काय रं तितं?’ पाच शब्द, आणि पहिलाच ‘मला’. मराठीत कर्ता आधी येतो हे आपण शाळेत शिकलो, पण इथं ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. ‘मी चढेन का?’ असं विचारलं असतं तर प्रश्न तिच्या हिमतीचा झाला असता. ‘मला चढता येईल का?’ हेही चालतं, शहरात आपण तसंच म्हणतो, पण त्यात ‘येणं’ हे क्रियापद शिकण्याच्या अंगानंही जातं. मला पोहता येतं, मला गाडी चालवता येते. आत्याला चढायला येतं. पेठेतल्या माडीचा तो अंधारा जिना ती कळशी घेऊन चाळीस वर्षं चढली आहे. तिचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी तिनं वेगळं क्रियापद घेतलं.

व्याकरणाच्या पुस्तकात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. धातूला ‘व’ लागतो आणि तेवढ्यानं करण्याची शक्ती वाक्यात येते. चाल, चालवतं. बस, बसवतं. चढ, चढवतं. हे क्रियापद ज्याच्या संदर्भात वापरायचं तो माणूस वाक्यात यावाच लागतो, ‘ला’ लावून किंवा ‘च्यानं’ लावून. नुसतं ‘चढवतं’ म्हणून थांबलं तर समोरचा लगेच विचारतो, कुणाला? हॉल चढवतो असं कुणी म्हणत नाही. पायऱ्या चढवतात असंही नाही. आत्याला चढवतं किंवा चढवत नाही. इंग्रजी विशेषणाचं जे शेपूट गळून पडलं होतं ते मराठीनं इथं वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवलं आहे, गळूच शकणार नाही अशा ठिकाणी.

या क्रियापदाचं रूपही बघण्यासारखं आहे. इथं ते नपुंसकलिंगी, एकवचनी असतं. आत्याला चढवत नाही, पैलवानाला चढवत नाही, पोरांना चढवत नाही. बाई असो, बाप्या असो, दहा जण असोत, क्रियापद जागचं हलत नाही. पैलवानाचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. आमच्या पेठेत तालमी आहेत, आणि ऐन तारुण्यात गुडघ्याची वाटी सरकलेला पैलवान तालमीच्या पायरीवर बसून राहिलेला मी बघितला आहे. त्या महिन्यात त्याचं आणि आत्याचं क्रियापद एकच होतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली. ही क्रियापदं आपण रोज वापरतो, पण जवळजवळ नेहमी नकारात. बघवत नाही. राहवत नाही. सोसवत नाही. बोलवत नाही. ‘बघवतं’, ‘सोसवतं’ असं होकारानं म्हणताना शेवटचं कधी ऐकलंत ते आठवून बघा. होकार येतो तो दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या तोंडी, ‘आता जरा बसवतंय’ असा, किंवा मग प्रश्नात येतो. आत्याचं ‘चढवंल’ हे त्या प्रश्नातलं आहे, आणि भविष्यकाळातलं. लग्नाला अजून दोन महिने होते.

‘काय’ आणि ‘रं’ हे पेठेतले. ‘का’ म्हटलं असतं तर चौकशी झाली असती. ‘काय रं’मध्ये मी आलो, तिचा भाचा, ज्याला तिनं कडेवर घेऊन माडीचा तोच जिना चढवला होता. उत्तराची जबाबदारी तिनं त्या ‘रं’नं माझ्यावर टाकली. आणि मी ती फोनवरून एका विशेषणाकडं सोपवली. त्याचं मला वाईट वाटतं.

‘जिना चढवला होता’ असं आत्ताच मी लिहिलं. इथं तोच ‘व’ आहे, पण अर्थ निराळा. आईनं मुलाला घोड्यावर चढवलं, हमालांनी पोती ट्रकवर चढवली. हे प्रयोजक क्रियापद, दुसऱ्याकडून करवून घेण्याचं. ‘मी तिला चढवतो’ आणि ‘तिला चढवतं’ यांत धातू तोच, प्रत्यय तोच. एकात ती उचलली जाते, दुसऱ्यात ती आपल्या बळावर जाते. मराठीनं हे दोन अर्थ एका अक्षरात इतक्या जवळ का ठेवले असतील ते भाषाशास्त्राचे अभ्यासक सांगतील. मला ते त्या दिवशी हॉलच्या पायऱ्यांपाशी समजलं.

आम्ही खाली थांबलेलो बघून मॅनेजर धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, “आजी, काळजी करू नका. लग्नादिवशी आमची पोरं खुर्चीत बसवून वर चढवतील तुम्हांला.” त्याच्या मनात चांगलंच होतं. आत्या वॉकरवर रेलून म्हणाली, “मला चढवू नगा, लेकरा. मला चढवंल असं कायतरी करा.”

मी व्याकरणाची बरीच पुस्तकं चाळली आहेत. प्रयोजक आणि शक्य या दोन क्रियापदांमधला फरक इतक्या थोडक्यात, इतका पक्का सांगितलेला मला आठवत नाही. चारचौघांत खुर्चीतून उचलून नेताना म्हाताऱ्या बाईला काय वाटतं ते बोलून दाखवायची तिला गरजच पडली नाही. ‘चढवू नगा’ आणि ‘चढवंल’ यांच्या मधल्या जागेत ते सगळं आलं.

कोल्हापुरात ही गोष्ट आधी मोठ्यानं सांगितली ती नसीमा हुरजूक यांनी. ऐन उमेदीच्या वयात पाय गेल्यावर त्यांनी १९८४ साली इथंच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘चाकाची खुर्ची’. बोलताना आपण सगळे व्हीलचेअर म्हणतो, पण मराठी नावात शब्द सुटे होतात आणि दिसायला लागतात. खुर्ची म्हणजे बसायची वस्तू, एका जागी राहणारी. तिला ‘चाकाची’ लागलं की ती जाणारी होते. ‘गम्’ धातू तिथं त्या षष्ठीच्या प्रत्ययात येऊन बसतो.

या अर्थाचा एक शब्द अजून आहे, ‘खुला’. तो सगळ्यात मोकळाढाकळा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाडच्या नगरपालिकेनं १९२४मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं केलं. कागदावर ते विशेषण लागलं. तळ्याचं पाणी तेच, काठ तोच, आणि ज्यांच्यासाठी ते खुलं झालं त्यांना तीन वर्षं एक ओंजळ घेता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या दिवशी परत निघालेल्या लोकांना मार खावा लागला, कज्जा कोर्टात गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. चौदा वर्षं एक विशेषण आपल्या ‘कुणाला’ची वाट बघत होतं.

आमच्या गावात शाहू महाराजांना हे फार आधी उमजलं होतं. २६ जुलै १९०२च्या करवीर गॅझेटातला हुकूम वाचताना मला त्याचं व्याकरण आधी दिसतं. नोकऱ्या सर्वांना खुल्या आहेत, असं म्हणून ते थांबले नाहीत. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी, असं त्यांनी लिहिलं. चतुर्थी आली, आकडाही आला. आणि जिथं हुकूम पुरत नाही तिथं ते स्वतः गेले. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. दार उघडं होतं, चहा तयार होता, पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून वरच्या जातींचं कुणी आत येईना. महाराज गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. उपलब्ध असलेल्या चहाकडं माणसांचे पाय वळले ते त्यानंतर. कोल्हापुरात ही गोष्ट चहा पिताना अजून सांगतात.

जाता जाता एक तारीख. अमेरिकेत अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा, ‘ॲक्सेसिबल’ हा शब्द पाट्यांवर जायला ज्यानं हातभार लावला, त्यावर सही झाली तीही २६ जुलैलाच, १९९० साली. योगायोगच, पण करवीरच्या माणसाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथंही ‘राहवत नाही’.

हॉलच्या त्या पायऱ्यांकडं परत येतो, कारण त्या मी मोजल्या. सात पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे साडेतीन फूट उंची. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी, असं प्रमाण आपल्याकडं धरतात. साडेतीन बारे बेचाळीस. बेचाळीस फूट उतार, शिवाय मधे टेकायला सपाट जागा. मागचा रॅम्प मी पावलांनी मोजला, तो दहा फूटही भरला नाही. त्या विशेषणात निदान बत्तीस फूट कमी पडत होते.

‘उतार’ हा शब्द मला रॅम्पपेक्षा आवडतो. वर जायच्या वाटेला आपण उतार म्हणतो, यात काही चुकत नाही. जो चढतो त्याला उतरायचंही असतं. जुन्या मराठीत उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा, जिथं पाणी कमरेच्या वर जात नाही आणि बाईमाणूस, गुरंढोरं, बैलगाडी पलीकडं जाऊ शकते. त्या शब्दात ‘तॄ’ हा धातू आहे, तरून जाण्याचा. ‘तीर्थ’ही त्याच धातूचा. तीर्थाचा मूळ अर्थ पाण्यात उतरायची जागा, घाट, पार होण्याची वाट. पावित्र्य नंतर आलं. आधी पायाला टेकायला जागा होती. आणि आमच्या पेठेत गांधी मैदान आहे, जिथं पूर्वी तळं होतं, ज्याचं नाव वरुणतीर्थ. मोठा पाऊस झाला की मैदानात पाणी साठतं आणि म्हातारी माणसं म्हणतात, वरुणतीर्थ आपली जागा विसरलेलं नाही. मी त्या मैदानाच्या कडेनं जाताना आता त्या नावातला दुसरा अर्धा भाग वाचतो. माणसांना पाण्यापर्यंत उतरता यावं अशी जागा, असं ज्या शब्दात लिहिलं आहे तो शब्द आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेकडो वर्षं पडून आहे.

लग्न दुसऱ्या कार्यालयात झालं. जुनं, तळमजल्यावरचं, आरसे नसलेलं. तिथं दारात फक्त एक उंच उंबरा होता, अर्ध्या फुटाचा. कार्यालयाच्या मालकांना मी ‘ॲक्सेसिबल आहे का’ असं विचारलंच नाही. विचारलं, “माझ्या आत्याला वॉकर घेऊन आत येववेल का?” ते काही क्षण थांबले, उंबऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “न्हाई येववणार. थांबा, बघू.” अर्ध्या फुटाला सहा फूट, हा हिशेब मी त्यांना सांगितला. त्यांनी सुताराकडून सहा फुटांची फळी करून घेतली, खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकलेली, वरून घसरू नये म्हणून काथ्याची चटई मारलेली.

लग्नादिवशी आत्या हिरवं लुगडं नेसून रिक्षातनं उतरली. पोरं पुढं झाली, तिनं हातानंच त्यांना थांबवलं. वॉकर फळीवर टेकवला, एक पाऊल, मग दुसरं, पुन्हा वॉकर. सनईवाला आमच्याकडंच बघत होता. वर आल्यावर ती दम खात थांबली आणि मला म्हणाली, “चढवलं बघ मला.”

या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. मी तिच्या मागं बघितलं. फळीवर कुणीही नव्हतं.